हौसाच्या मेंदूतला उजेड

१

हौसा मेली हे सर्वांत आधी बाळूला कळले. आणि ती कशाने मेली हे ज्या व्यक्तीला सर्वांत शेवटी कळले, तिच्याइतकी हौसाच्या जगण्याची वाट दुसऱ्या कोणीही पाहिलेली नव्हती.

हौसा ही टोपीमाकडीण. सोलापूरहून होटगीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका खासगी मेंदू-संशोधन केंद्रात ती राहत असे. केंद्राच्या लेखी तिला केवळ क्रमांक होता. नाव तिची देखभाल करणाऱ्या बाळूने ठेवले होते, कारण क्रमांकाला हाक मारता येत नाही. तिच्या कवटीच्या मागच्या बाजूचा रुपयाएवढा तुकडा काढून तिथे काच बसवली होती. काचेखालच्या पेशींत एक प्रथिन सोडले होते. पेशी कामाला लागली की ते निळ्या प्रकाशात हिरवे उजळते, आणि तो उजेड वरचा कॅमेरा टिपतो. मेंदूचा तेवढाच भाग, जो पाहण्याचे काम करतो, तो अर्धांगवायूत मरतो तसा मुद्दाम मारलेला होता. मग उपचार सुरू झाले, आणि अलीकडे त्या मेलेल्या भागात पुन्हा हिरवे उजळू लागले होते.

डॉ. जुलेखा बागवान यांना सकाळीच बोलावणे आले. पशुरोगनिदानात आयुष्य घालवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि केंद्राच्या प्राणी-नीतिसमितीवर बाहेरच्या सदस्य होत्या. मेलेली जनावरे आपल्याशी कधी खोटे बोलली नाहीत, असे त्या म्हणत. जिवंत माणसांबद्दल त्या तसे म्हणत नसत.

शवविच्छेदनात मरणाचे कारण लगेच सापडले. काच आणि हाड यांच्या सांध्यात केसाएवढी फट होती, तिच्यातून घाण आत गेली होती आणि मेंदूच्या आवरणात पू झाला होता. इथवर सगळे पुस्तकातल्यासारखे होते. पण काचेभोवतीच्या पांढऱ्या सिमेंटवर, दुर्बिणीखाली, पिवळे कण विखुरलेले दिसत होते. कुणी बोटाने फासले असते तर ओरखडा असता. हे वरून पडले होते, शिंपडल्यासारखे. सांध्यात मात्र त्यांचा सलग पिवळा डाग झाला होता.

जुलेखाबाईंनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून डागावर फिरवला. बोळा झळझळीत पिवळा झाला.

"बाळू, चुन्याची डबी आहे का जवळ?"

"हाय की," दारात उभा असलेला बाळू गोंधळला. "पर म्याडम, तुमी कवापासनं तमाकू..."

"मी नाही खात. हा बोळा खाणार आहे."

नखाच्या टोकावर घेतलेला चुना त्यांनी बोळ्यावर टेकवला. पिवळा रंग बघता बघता तांबडा झाला, कुंकवासारखा.

बाळू एकदम मागे सरला. जुलेखाबाईंनी बोळा बशीत ठेवला. प्रयोगशाळेतल्या माकडिणीच्या मेंदूवर कुणीतरी हळद टाकली होती.

२

"उत्तर तुमच्या समोर उभं होतं, डॉक्टर," केंद्राचे संचालक डॉ. सुबोध अंकलगी म्हणाले. "त्याच्या कपाळाकडे पाहिलंत ना?"

पाहिले होते. बाळूच्या कपाळावर भंडाऱ्याचा पट्टा रोजच असे. भंडारा म्हणजे खंडोबाची हळदच.

"कपाळावर हळद असणं आणि माकडाच्या कवटीत असणं, यांत काचेवरचं स्क्रूचं झाकण येतं," जुलेखाबाई म्हणाल्या. "झाकणाची किल्ली कुणाकडे असते?"

"एक माझ्याकडे, एक आमच्या संशोधक उर्वीकडे." सुबोधनी हात झटकला. "पण ही माणसं काय करतील सांगता येत नाही. मी दोन दशकं या शहरात सांगतोय, की जखमेवर हळद आणि अंगारे लावू नका. माझ्याच इमारतीत ही दशा! तुम्ही एवढंच लिहा: जंतुसंसर्ग, स्रोत अज्ञात. बाळूचं मी बघतो."

"घाई कसली आहे?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. "तुम्हाला माहीत आहे कसली."

माहीत होते. सुबोधची पत्नी शकुंतला ही जुलेखाबाईंची कॉलेजपासूनची मैत्रीण. अर्धांगवायूच्या झटक्यात शकूच्या मेंदूचा मागचा भाग दोन्ही बाजूंनी गेला. तिचे डोळे निरोगी होते आणि त्या डोळ्यांनी तिला काहीही दिसत नव्हते. येत्या महिन्यात माणसावरची पहिली चाचणी होणार होती, आणि ते पहिले माणूस शकू होती.

"माकड मेलं," सुबोध सावकाश म्हणाले, "निकाल मेलेला नाही. मेलेल्या भागात उजेड दिसला, डॉक्टर. मी स्वतः पाहिला. तो पुसू नका."

"मी काहीच पुसत नाही, सुबोध. पण हीच काच तुम्ही शकूच्या डोक्यात बसवणार आहात. तिच्यात हळद कशी गेली हे कळल्याशिवाय मी सही करणार नाही."

सुबोधनी समोरचे कागद नीट केले. त्यांच्या टेबलासमोर दोन खुर्च्यांच्या मधोमध तिसरी, हातांची खुर्ची ठेवलेली होती. ती कुणासाठी असते, हे विचारायचे जुलेखाबाईंना तेव्हा सुचले नाही.

३

हौसाची खोली अजून धुतलेली नव्हती. खिडक्यांना काळे कापड होते आणि छताला मंद तांबडा दिवा.

"पांढरा दिवा नाही का?" जुलेखाबाईंनी विचारले.

"हाय, पर झाकण उगडलं की लावायचा न्हाय. उजेडानं आतलं चमकणारं औशिद मरतं म्हनं." बाळूचा आवाज मागून आला.

त्या वळल्या आणि त्यांना क्षणभर वाटले की हा दुसराच कुणी माणूस आहे. कपाळावर विभूती लावलेला. मग त्यांनी ओळखले: बाळूच होता. त्या जरा ओशाळल्या, वयाला दोष दिला आणि प्रश्नाकडे वळल्या.

"भंडारा तू टाकलास का तिच्यावर?"

"न्हाय जी." त्याने पिंजऱ्याच्या गजाला हात लावला. "मला ते झाकण उगडाया कुटं येतंय? आन् माजी सुट्टी रविवारची. मी रविवारी बाळे गावाला जातो, खंडोबाला. माज्या हातनं तिला फकस्त केळी मिळाली, म्याडम. लई लाडाची होती. केळं सोलून दिलं की साल मला परत द्यायची."

"मग कुणी टाकला?"

बाळूने गज सोडला. त्याला भीती वाटत नव्हती, हे जुलेखाबाईंच्या ध्यानात आले. घाबरलेला माणूस दाराकडे बघतो. बाळू जमिनीकडे बघत होता.

"साहेब मला काडनार हायत का?" त्याने विचारले.

"तू मला सगळं सांगितलंस तर नाही काढणार."

"मग काडू द्या," बाळू म्हणाला, आणि पिंजऱ्यातले रिकामे भांडे उचलून बाहेर गेला.

४

कॅमेरा आणि दिवे सांभाळणारा अभियंता सरफराज मुलाणी याचे संचालकांशी भांडण झाले होते, हे केंद्रात सर्वांना माहीत होते. उर्वी कोरे या संशोधक मुलीचा प्रबंध हौसावर उभा होता, हेही. जुलेखाबाईंनी दोघांना पडद्यासमोर एकत्रच बसवले. एकेकटी माणसे तयारी करून बोलतात; शेजारी शेजारी बसवली की एकमेकांना दुरुस्त करतात.

"आपा, माझ्यावर शक असणार, हौ ना?" सरफराज म्हणाला. "सर म्हणाले होते, नोकरी शोध दुसरी."

"कशावरून भांडलात?"

"मी एक चाचणी मागितली. हौसाच्या आंधळ्या बाजूला दिवा लागतो, त्याच वेळी रसाचा पंप टिक्क वाजतो आणि तिला रस मिळतो. मी म्हटलं, एकदा दिवा न लावता नुसता रस देऊन बघू. मेंदू तरीही उजळला, तर तो दिव्यामुळे उजळत नाही. सर म्हणाले, वेळ नाही."

"चाचणी करायला हवी होती," उर्वी खालच्या आवाजात म्हणाली. "पण उजेड खरा होता, मॅडम. बघा ना."

तिने चित्रफीत लावली. दिवा लागताच पडद्यावर हिरवी लाट उठत होती आणि विरत होती. लाट विशेषतः काचेच्या कडेकडेने होती. ती पाहताना शकूचा चेहरा डोळ्यांसमोर येऊ न देणे जुलेखाबाईंना अवघड गेले.

"रोज एवढीच असते?"

"नाही ना!" सरफराज खुर्चीत पुढे झाला. "सोमवारी जोरदार. मग दिवसागणिक उतरत जाते, शनिवारी जेमतेम. पुढच्या सोमवारी पुन्हा ताजी. मेंदू काय वारानुसार चालतो का?"

"रविवारी तिला विश्रांती मिळते," उर्वी म्हणाली. "थकवा उतरतो. सरांनी लेखात तसंच मांडलंय."

"विश्रांती मलापण मिळते रविवारी. माझं डोकं नाही चमकत सोमवारी!"

उर्वीला हसू आले आणि तिने ते लगेच आवरले. जुलेखाबाई हसल्या नाहीत. प्रकाशात रोज थोडे थोडे मरणारे आणि आठवड्याला एकदा नवे होणारे असे जे काही होते, ते मेंदू नव्हते. ते कुणीतरी आठवड्याला एकदा आणून टाकत होते.

"रविवारी झाकण कोण उघडतं, उर्वी?"

"मी नाही, मॅडम. शनिवारीच मी नातेपुत्याला घरी जाते. रविवारी काच स्वच्छ करतात ते सर स्वतः. आधी सलाईनने धुतात, मग स्पिरिटने पुसतात."

"एकटेच?"

उर्वीने सहजपणे मान हलवली. "बाई असतात ना बरोबर. त्यांना घरी एकटं कसं ठेवणार? सरांच्या खोलीतली ती हातांची खुर्ची त्यांचीच."

५

भवानी पेठेतल्या घरी शकुंतला पुढच्या खोलीत बसली होती. पावलांचा आवाज ऐकून ती म्हणाली, "जुलेखा, अजून तसेच पाय आपटत चालतेस. घोडे तपासून तपासून तुझी चालही तशीच झाली."

"आणि तुझी जीभ अजून तशीच आहे. डॉक्टरांना तिच्यावर उपाय सापडला नाही वाटतं."

दोघी हसल्या. मग शकूने हात पुढे केला आणि जुलेखाबाईंनी तो धरला.

"हौसा गेली गं," शकू म्हणाली. "सुबोध नीट सांगत नाही. कशाने गेली?"

"तेच शोधतेय. तू जायचीस ना तिच्याकडे?"

"दर रविवारी. तो तिची काच साफ करायचा, मी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहायचे. ती माझी बोटं हुंगायची. तुला सांगू, आम्ही दोघी एकाच वर्गातल्या होतो. ती पुढच्या बाकावर, एवढंच." शकूने पदराची गाठ चाचपली. "तिला दिसायला लागलं, म्हणजे मलाही लागेल. मी तिच्यासाठी मागणं मागत होते की माझ्यासाठी, मला आता आठवत नाही."

"मागणं कुणाकडे?"

"सुबोधला सांगशील आणि तो हसेल."

"नाही हसणार तो."

शकूने पदराच्या गाठीतून पितळेची लहान डबी काढली. "बाळू बाळ्याहून आणून देतो मला. तिच्या डोक्यावर चिमूटभर सोडायचे, येळकोट म्हणून. मनातल्या मनात. सुबोध तिकडे पाठ करून पिचकारी भरत असायचा."

जुलेखाबाईंनी डबी उघडली. आत भंडारा होता, पिवळाजर्द.

"शकू, त्या वेळी तिच्या डोक्यावरचं झाकण लावलेलं असायचं की काढलेलं?"

शकू तिच्या दिशेने वळली. निरोगी, स्वच्छ डोळे थेट जुलेखाबाईंच्या चेहऱ्यावर येऊन थांबले.

"मला काय दिसतंय, जुलेखा?"

६

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत चौघे जण होते. बाळू दाराबाहेर बसला होता. त्याने आत यायला नकार दिला होता.

"बाळूने काही केलेलं नाही," जुलेखाबाईंनी सुरुवात केली. "भंडारा शकूने टाकला, दर रविवारी. तुम्ही झाकण काढून पिचकारी भरायला वळायचात तेव्हा."

सुबोध ताडकन उठले. "अशक्य. मी परत वळल्यावर काच मला दिसते. पांढऱ्या सिमेंटवर पिवळी हळद मला दिसली नसती?"

जुलेखाबाईंनी पांढऱ्या बशीत भंडाऱ्याची चिमूट टाकली आणि सरफराजला खूण केली. खोलीत तांबडा दिवा लागला. बशी नुसती पांढरी दिसू लागली. हळद होती तिथेच होती, आणि ती कुणालाही दिसत नव्हती.

"तांबड्या उजेडात पिवळं आणि पांढरं एकच. काल बाळूच्या कपाळावरचा भंडारा मला विभूती वाटला, आणि मी माझ्या डोळ्यांना दोष दिला. त्या खोलीत शकूइतकंच तुम्हालाही दिसत नव्हतं, सुबोध. सलाईनने तुम्ही बरेचसे कण धुतलेत. पण हळद पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. राहिलेली तुम्हीच पुसून सांध्यात मुरवलीत. आणि तिच्याबरोबर जंतू आत गेले."

सुबोध हळूहळू खाली बसले. "ठीक आहे. ती माझी चूक. तसंच लिहा, माझ्या नावावर लिहा. पण हा संसर्ग झाला. उजेडाशी याचा काय संबंध?"

उर्वीला उत्तर आधीच कळले होते. तिने पडद्याकडे पाठ केली होती.

जुलेखाबाईंनी हौसाच्या कवटीतून काढलेली काच सरफराजच्या हाती दिली. त्याने ती कॅमेऱ्याखाली बसवली. खाली मेंदू नव्हता, काळा कागद होता. निळा प्रकाश पडताच काचेची कड हिरवी उजळली.

"हळद निळ्या प्रकाशात हिरवी चमकते," सरफराज म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा लवलेश नव्हता. "संगणक स्थिर उजेड वजा करतो, फक्त बदल दाखवतो. म्हणून डाग कधी डाग म्हणून दिसला नाही. पण पंप टिक्क वाजला की हौसा रसासाठी जबडा हलवायची. डोकं केसभर हलायचं, डागाची कड सरकायची. सर, बघा."

त्याने दिवा लावला आणि त्याच क्षणी काचेच्या आधारावर बोटाने हलकेच टिचकी मारली. पडद्यावर हिरवी लाट उठली आणि विरली. पुन्हा दिवा, पुन्हा टिचकी. पुन्हा तीच लाट, ज्या लाटेवर प्रबंध उभा होता, लेख उभा होता, आणि भवानी पेठेत एक बाई उभी होती.

"पुरे," सुबोध म्हणाले.

सरफराजने सवयीने आणखी एकदा टिचकी मारली, मग भानावर येऊन हात मागे घेतला.

"आठवडाभर आपल्याच निळ्या दिव्याने हळद विटत जायची," जुलेखाबाई म्हणाल्या. "रविवारी नवी पडायची. हौसाला कधीही दिसलं नाही. मेलेला भाग मेलेलाच होता."

सुबोधनी हात पुढे करून पडदा बंद केला. मग सुबोध म्हणाले, "मी तिला रोज ती लाट वर्णन करून सांगत होतो. आज किती उजळली, कुठवर गेली. ती म्हणायची, परत सांग."

"चाचणी थांबवावी लागेल."

"चाचणी उरलीच कुठे? तिला एवढंच सांगा, की माकड आजारी पडून मेलं. बाकीचं..." आयुष्यभर दुसऱ्यांच्या भाबडेपणावर नेमके बोट ठेवणारा हा माणूस आता रिकाम्या हातांकडे बघत होता.

"ती बाहेर गाडीत आहे," जुलेखाबाई म्हणाल्या. "तिने मला कारण विचारलंय."

७

गाडी कडुनिंबाखाली उभी होती, अर्धी सावलीत, अर्धी उन्हात. जुलेखाबाईंनी सगळे सांगितले: आधी उजेडाचे आणि उजेडात विटणाऱ्या हळदीचे, मग मरणाचे. शब्द मऊ करण्याची कला त्यांना अवगत नव्हती, आणि आज ती नसल्याचे त्यांना प्रथमच वाईट वाटले.

शेवटी शकुंतलेने विचारले, "म्हणजे तिला कधीच दिसलं नाही?"

"नाही."

"आणि मला..."

"नाही, शकू. या रस्त्याने नाही. दुसरा रस्ता मला माहीत नाही."

शकूने मान डोलावली. मग तिने उजवा हात समोर धरला, अंगठा आणि दोन बोटे एकमेकांवर घासली.

"अजून लागलंय का गं?"

जुलेखाबाईंनी वाकून पाहिले. नखांच्या कडांत पिवळी रेघ होती.

"आहे. थोडं, नखांत."

"उन्हानं जातं म्हणालीस ना?"

"जातं."

शकुंतलेने खिडकीची काच खाली केली आणि हात बाहेर काढून तळवा वर करून उन्हात धरला. इमारतीतून कुणी बाहेर आले नाही. बाळू दाराच्या पायरीवर बसून गाडीकडे बघत होता. सोलापूरचे दुपारचे ऊन त्या हातावर पडले होते. ते तिला लागत होते, दिसत नव्हते.

जुलेखाबाई एक पाऊल बाजूला सरकल्या. त्यांची सावली बोटांवर पडत होती.